अटकेनंतरचे २४ तास आणि कोर्टापर्यंतचा प्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या माणसाला पोलिसांनी नेलं की पहिले तास फोनाफोनीत जातात. पुढे जामीन मिळेल का, मारहाण झाली असेल तर ती सिद्ध होईल का, हे बरंचसं त्याच तासांत काय लिहून ठेवलं यावर ठरतं. खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या रोजच्या व्यवहाराला धरून दिली आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. कलमांचे आकडे त्या नव्या संहितेचे आहेत.

२४ तास कधीपासून मोजायचे?

अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं. हे तास मोजायचे माणसाची मोकळीक संपली त्या क्षणापासून. अटक फॉर्मवर लिहिलेली वेळ हे पोलिसांचं म्हणणं असतं, अंतिम सत्य नसतं. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच कस्टम्सच्या एका प्रकरणात सांगितलं होतं की, अधिकाऱ्याने कागदावर कोणतीही वेळ टाकली तरी माणसाला जाण्यापासून रोखलं तेव्हाच अटक झाली.

हिशेब कसा होतो ते २१ जानेवारी २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात दिसतं. ईडीने एका माणसाला ५ मार्च २०२२ रोजी सकाळी ११ वाजता दिल्ली विमानतळावर ताब्यात घेतलं. अटक दाखवली ती रात्री १ वाजून १५ मिनिटांनी, म्हणजे तारीख उलटल्यावर. न्यायालयात हजर केलं ६ मार्चला दुपारी ३ वाजता. कागदावर पाहिलं तर चौदा तासही झाले नव्हते. प्रत्यक्षात मुदत सकाळी ११ वाजताच संपली होती. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(२) चा भंग झाला, त्यामुळे अटकच दूषित ठरली, आणि पीएमएलएच्या (मनी लाँड्रिंगविरोधी कायद्याच्या) कडक अटी असूनही जामीन कायम राहिला.

म्हणून घरच्यांनी सगळ्यात आधी वेळ लिहून ठेवावी: किती वाजता नेलं, कुठून नेलं, गाडीचा नंबर काय, सोबत कोण होतं, छातीवरच्या पट्टीवर कोणतं नाव होतं. सोसायटीच्या किंवा समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण त्याच दिवशी कॉपी करून घ्यावं. खासगी डीव्हीआर (चित्रण साठवणारी यंत्रं) बहुधा काही दिवसांतच जुन्या चित्रणावर नवं लिहितात.

पोलीस म्हणतात, ‘अटक नाही, नुसतं चौकशीला आणलंय.’ मग?

एकच प्रश्न विचारा: ‘साहेब, आम्ही आता यांना घरी घेऊन जाऊ का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर माणूस ताब्यात आहे आणि घड्याळ सुरू झालं आहे. ‘चौकशी’ नावाची तिसरी अवस्था कायद्यात नाही. चौकशीला बोलवायचंच असेल तर कलम ३५(३) ची नोटीस द्यावी लागते. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची तर कारणं लिहावी लागतात. साक्षीदार म्हणून बोलवताना स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं, ६० च्या वरची माणसं, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना पोलीस ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब घरी येऊनच घ्यायचा असतो.

प्रवासाचा वेळ वगळतात म्हणजे किती?

अटकेच्या जागेपासून न्यायदंडाधिकाऱ्यांपर्यंत जायला खरोखर लागेल तेवढाच. पोलीस ठाण्यात बसवून ठेवलेले तास, जबाबासाठी किंवा पंचनाम्यासाठी फिरवलेले तास त्यात धरता येत नाहीत. कोर्ट पंधरा मिनिटांवर असेल तर वजावट पंधरा मिनिटांची. भामरागड किंवा धडगावसारख्या तालुक्यात पावसाळ्यात रस्ता बंद असेल तर जास्त वेळ मान्य होईल, पण तो का लागला हे पोलिसांनी दाखवायचं असतं. ठाणे अंमलदाराच्या स्टेशन डायरीत गाडी किती वाजता निघाली याची नोंद होते. वाद झाला तर तीच नोंद मागवायला वकिलांना सांगा.

शनिवार-रविवार किंवा दिवाळीत अटक झाली तर?

घड्याळ थांबत नाही. सुट्टीच्या दिवशीही रिमांडच्या (आरोपीला कोठडीत ठेवण्याचा आदेश देण्याच्या) कामासाठी न्यायदंडाधिकारी नेमलेले असतात, आणि गरज पडली तर आरोपीला त्यांच्या निवासस्थानी नेऊन हजर करतात. कलम ५८ प्रमाणे त्या न्यायदंडाधिकाऱ्यांना खटला चालवण्याचा अधिकार नसला तरी चालतं. ‘सोमवारी कोर्ट उघडल्यावर नेऊ’ हे उत्तर बेकायदेशीर आहे. शुक्रवारी संध्याकाळी अटक झाली असेल तर त्या शनिवार-रविवारी कोण न्यायदंडाधिकारी आहेत हे जिल्हा न्यायालयाच्या फलकावर किंवा वकील संघात लगेच विचारून घ्या.

परराज्यातून आणताना काय नियम आहे?

२४ तासांत पोहोचणं शक्य नसेल तर पोलिसांनी आधी अटकेच्या ठिकाणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला प्रवासात ताब्यात ठेवून नेण्याची परवानगी, घ्यायचा असतो. तो शिक्का मारून देण्याचा कागद नाही. २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी दिल्लीत एका लेखकाला अटक केली. गुन्ह्याचे कागद मराठीत होते आणि दिल्लीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे त्यांचं भाषांतर ठेवलेलं नव्हतं. दिल्ली उच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी तो ट्रान्झिट रिमांड रद्द केला. ज्याला कागद वाचताच आला नाही त्याने कोठडीची गरज तपासली, असं म्हणता येत नाही. मुंबई-पुण्यात काम करणाऱ्या परप्रांतीयाला त्याच्या राज्याचे पोलीस न्यायला आले, तर इथल्या वकिलाने हाच मुद्दा उलट बाजूने मांडावा.

अटकेची कारणं तोंडी सांगितली तर चालतात का?

आता नाही. पीएमएलए आणि यूएपीएच्या (बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याच्या) प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ आणि २०२४ मध्ये लेखी कारणं सक्तीची केली. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात, तोच नियम सगळ्या गुन्ह्यांना लावला. कारणं लेखी हवीत, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत हवीत. लगेच देणं शक्य नसेल तर तेव्हा तोंडी सांगावीत आणि लेखी प्रत रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी द्यावी. नाहीतर अटक आणि त्यावरचा रिमांड बेकायदेशीर ठरतो.

इथे दोन गोष्टी वारंवार बिघडतात. पहिली, छापील ओळ. ‘अटकेची कारणे समजावून सांगितली’ असं फॉर्मवर आधीच असतं आणि घाबरलेला माणूस सही करतो. प्रत हातात आल्याशिवाय सही करू नये. करावीच लागली तर सहीखाली ‘प्रत मिळाली नाही’ असं लिहून तारीख-वेळ टाकावी. दुसरी गोष्ट भाषेची. मेळघाटातल्या कोरकू माणसाला किंवा गडचिरोलीतल्या माडिया माणसाला मराठी कागद दिला तर नियम पाळला गेला असं होत नाही. बंगळूर किंवा सुरतेत पकडलेल्या मराठी माणसानेही कारणं मराठीत मागावीत. ‘कलम अमुक, तपासासाठी आवश्यक’ ही कारणं नव्हेत. या माणसाने काय केलं असा आरोप आहे, हे त्यात असलं पाहिजे.

घरच्यांना कळवणं कोणाचं काम?

पोलिसांचं. कलम ४८ प्रमाणे अटक झालेला ज्याचं नाव सांगेल त्याला कळवायचं आणि कोणाला कळवलं ते ठाण्यातल्या वहीत लिहायचं. न्यायदंडाधिकाऱ्यांनी ते झालं की नाही हे तपासायचं. अटकेच्या मेमोवर घरच्या माणसाची किंवा गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष लागते. कलम ३७ नुसार प्रत्येक ठाण्यात याची माहिती देणारा किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी नेमलेला असतो. ‘इथे आणलेलंच नाही’ असं उत्तर मिळालं तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात विचारा.

न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेमकं काय बोलायचं?

पहिली हजेरी बऱ्याचदा काही मिनिटांत उरकते. सरकारी वकील पीसीआर (पोलीस कोठडी) मागतात, बचावाचे वकील एमसीआर (न्यायालयीन कोठडी) मागतात, तारीख पडते. आरोपी मागे उभा असतो आणि त्याला कोणी काही विचारलं नाही तर तोही गप्प राहतो. ही शांतता पुढे महागात पडते, कारण महिन्याभराने ‘मला मारलं होतं’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो: तेव्हा का नाही सांगितलं?

विचारणं हे न्यायदंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे, आणि ते ठरलं आपल्याच राज्यातल्या प्रकरणातून. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या लॉकअपमधल्या स्त्रियांच्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९८३ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की हजर केलेल्या प्रत्येक आरोपीला ‘पोलीस कोठडीत छळ झाला का?’ असं विचारावं आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क असल्याचं सांगावं. स्त्रियांसाठी वेगळं लॉकअप, त्यावर महिला पोलीस, आणि प्रत्येक कोठडीत मराठी, हिंदी, इंग्रजीत हक्कांची माहिती लावणं, हेही त्याच निकालातलं आहे. पोलीस ठाण्यात गेलात तर ती माहिती मराठीत लावलेली आहे का, पाहा.

विचारलं नाही तरी आरोपीने स्वतः ‘साहेब, मला काही सांगायचं आहे’ असं मोठ्याने म्हणावं आणि या क्रमाने सांगावं: ताब्यात कधी घेतलं, मारलं का, कुठे, कशाने, कोणतं औषध चालू आहे, वकील आहे का, घरी कळवलं का, लेखी कारणं मिळाली का. तारीख-वेळ आधी सांगावी, गुन्ह्याबद्दल काही बोलू नये. ते रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवशीच्या कामाच्या नोंदीत) लिहिलं गेलं का, हे वकिलाने तिथेच पाहावं आणि त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाकावा. जे रोजनाम्यात नाही ते वरच्या कोर्टात दाखवता येत नाही.

पोलीस कोठडी मागताना आरोपी प्रत्यक्ष समोर हवाच. व्हिडिओ कॉन्फरन्सवर पीसीआर घेता येत नाही. व्हिडिओवर हजेरी चालते ती पुढे न्यायालयीन कोठडी वाढवताना.

पीसीआर आणि एमसीआर किती दिवस?

पोलीस कोठडी एकूण १५ दिवस. पूर्वी ती पहिल्या पंधरवड्यातच संपायची. आता गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यांनी मागता येते, म्हणून एमसीआर झाला की धोका टळला असं समजू नये. दोषारोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत आलं नाही तर जामीन हा हक्क आहे. मोजणीत रिमांडचा पहिला दिवस धरतात. अर्ज मात्र दोषारोपपत्र दाखल होण्याआधी द्यावा लागतो. तो सकाळी कोर्ट उघडताच द्या. यूएपीए आणि मकोकाच्या (संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या) गुन्ह्यांत ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते, एनडीपीएसच्या (अमली पदार्थविरोधी कायद्याच्या) मोठ्या गुन्ह्यांत ती मुळातच १८० दिवस असते आणि एक वर्षापर्यंत वाढू शकते, पण २४ तासांत हजर करण्याचा नियम तिथेही तसाच आहे.

वैद्यकीय तपासणीत काय पाहायचं?

अटकेनंतर लगेच सरकारी डॉक्टरांकडून तपासणी होते. जखमा आणि त्या साधारण कधीच्या, हे अहवालात लिहायचं असतं, आणि त्याची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला मिळते. डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी सांगितली. प्रत्यक्षात सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत हवालदार शेजारी उभा असतो, डॉक्टर ‘काही त्रास?’ विचारतात, माणूस ‘नाही’ म्हणतो आणि कागदावर ‘जखम नाही’ येतं. पोलिसांना दाराबाहेर थांबायला सांगा, असं डॉक्टरांना म्हणता येतं. तळपाय, मांड्यांची मागची बाजू आणि कानामागे मुद्दाम दाखवावं. तळपायावर मारलेलं कपडे-चपला घातल्यावर दिसत नाही, आणि काळे-निळे डाग काही दिवसांत पिवळे पडून पुसट होतात.

नेताना हातकडी घालता येते का?

सरसकट नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात हातकडी अपवादच ठरवली, आणि १९९५ मध्ये नेण्या-आणण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश हवा असं सांगितलं. नव्या संहितेच्या कलम ४३(३) ने काही प्रकारांत मुभा दिली आहे: सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, संघटित गुन्हेगारी, दहशतवाद, अमली पदार्थ, बेकायदा शस्त्रं, खून, बलात्कार, ॲसिड हल्ला, बनावट चलन, मानवी तस्करी, मुलांवरचे लैंगिक गुन्हे, राज्याविरुद्धचे गुन्हे. तिथेही गुन्ह्याचं गांभीर्य पाहून ‘घालता येईल’ असं आहे, ‘घालावी’ असं नाही. कलम ४६ प्रमाणे पळून जाऊ नये इतकंच बंधन घालता येतं. चेक बाउन्स, घरगुती भांडण, मोर्चातली घोषणाबाजी यांत हातकडी घातली तर ती बेकायदेशीर. वकिलाने ती आरोपी कोर्टात उभा असतानाच न्यायाधीशांना दाखवावी.

हॉस्पिटलमध्ये पलंगाला साखळीने बांधणं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये हरियाणातल्या प्रकरणात मानवी प्रतिष्ठेचा भंग ठरवलं. बाळंतीण स्त्रीला बंधन घालणं संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांत (कैद्यांना कसं वागवावं याच्या नियमांत) पूर्ण निषिद्ध आहे.

गाडीत किमान काय मिळालं पाहिजे?

बसायला जागा, हवा, उजेड, पिण्याचं पाणी, लांबच्या प्रवासात जेवण आणि लघवीला थांबा. ताब्यातल्या माणसाच्या तब्येतीची आणि सुरक्षिततेची जबाबदारी कलम ५६ ने थेट पोलिसांवर टाकली आहे. मंडेला नियमांच्या ७३ व्या नियमात पुरेशी हवा-उजेड नसलेल्या वाहनातून नेणं आणि लोकांच्या नजरेसमोर उभं करणं, दोन्हीला मनाई आहे.

खरा त्रास बहुतेक वेळा वाट पाहण्यात होतो. तुरुंगातून सकाळी निघालेली व्हॅन तीन कोर्टांचे आरोपी गोळा करते, कैदी पार्टीची (कैद्यांना ने-आण करणाऱ्या पोलिसांची) माणसं कमी असतात, उन्हाळ्यात पत्र्याची बंद गाडी कोर्टाच्या आवारात उभी राहते. मधुमेह असलेल्याचं जेवण चुकतं, मिरगी असलेल्याची गोळी चुकते. यावर उपाय कागदाचा आहे. डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधं पहिल्याच दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ठेवा आणि ‘औषध प्रवासात सोबत द्यावं, वेळेवर जेवण द्यावं’ असा स्पष्ट आदेश मागा. आदेश असला की कैदी पार्टीच्या प्रमुखालाही सोयीचं होतं. नुसत्या विनंतीवर नियमबाह्य काही दिल्याचा ठपका त्याच्यावर येत नाही.

रिमांड संध्याकाळी उशिरा झाला तर आणखी एक अडचण येते. तुरुंगातली बंदी झाल्यावर, म्हणजे संध्याकाळी कैद्यांना बराकीत बंद केल्यावर, गाडी पोहोचली तर आत घेत नाहीत, आणि न्यायालयीन कोठडीतला माणूस रात्रभर पुन्हा पोलीस लॉकअपमध्ये राहतो. अशी शक्यता दिसली तर त्या रात्रीपुरता स्पष्ट आदेश मागावा: कुठे ठेवायचं, आणि चौकशी करायची नाही.

ओळख परेड व्हायची असेल तर नेताना चेहरा झाकलेला असावा. साक्षीदाराने आधीच पाहिलं असेल तर परेडीला अर्थ राहत नाही, आणि तो मुद्दा बचावाला उपयोगी पडतो.

आरोपीची वस्तीतून धिंड काढतात, ते कायदेशीर आहे का?

नाही. कोणत्याही कलमात ती शिक्षा नाही. ‘घटनास्थळी पंचनाम्याला नेत होतो’ असं सांगितलं जातं. मग पंचनाम्याची वेळ, जागा आणि चालत नेण्याचं कारण विचारावं. लोक टाळ्या वाजवतात म्हणून न्यायालयाआधी शिक्षा देण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. व्हिडिओ मूळ फाइलसह जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या प्रतीत तारीख-वेळेची माहिती उरत नाही.

स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळं काय?

सूर्यास्त ते सूर्योदय स्त्रीला अटक नाही. अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. झडती महिलेनेच घ्यायची आणि नेताना महिला पोलीस सोबत हवी. १८ वर्षांखालच्या मुलाला लॉकअपही नाही आणि हातकडीही नाही. त्याला २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यायचं. वयाचा वाद असेल तर शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला घेऊन त्याच रात्री ठाण्यात जा.

वकिलाला पैसे नसतील तर?

ताब्यातल्या प्रत्येक माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या लोकअभिरक्षक कार्यालयात जा. हा हक्क पहिल्या हजेरीपासून आहे, हे बिहारमधल्या भागलपूर अंधत्व प्रकरणात (पोलिसांनी आरोपींना आंधळं केल्याच्या प्रकरणात) सर्वोच्च न्यायालयात पूर्वीच ठरलं.

एमपीडीए लावला तर २४ तासांचा नियम चालतो का?

नाही. एमपीडीए हा महाराष्ट्राचा, पुढे गुन्हा करू नये म्हणून आधीच कोठडीत ठेवण्याचा कायदा आहे, आणि अशा प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला घटनेनेच हा अपवाद ठेवला आहे. तिथे कारणं ५ दिवसांत द्यायची, प्रकरण ३ आठवड्यांत सल्लागार मंडळापुढे जायचं, आणि मुदत जास्तीत जास्त १२ महिने. अशा आदेशाला थेट उच्च न्यायालयात आव्हान देतात.

२४ तास उलटले आणि हजर केलं नाही. आता काय?

पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि प्रमुख जिल्हा न्यायाधीश यांना एकाच वेळी ईमेल करा. नाव, नेल्याची वेळ, ठाणं आणि ‘हजर केलेलं नाही’ एवढ्या चार ओळी पुरतात. ईमेलवरची वेळ पुढे पुरावा होते. सोबत वकिलाने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १०० खाली शोध-वॉरंटचा अर्ज द्यावा आणि उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची (ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे आणण्यासाठीच्या याचिकेची) तयारी करावी. दक्षिण महाराष्ट्राला ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच जवळ आहे. माहिती अधिकारात व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. अर्जाच्या पहिल्याच ओळीत तसं लिहा.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीसाठी त्याच दिवशी लेखी अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी चित्रण १८ महिने, आणि तशी यंत्रणा मिळत नसेल तरी किमान वर्षभर, जपायला सांगितलं आहे. तरी ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं. लवकर अर्ज केलेला असेल तर कॅमेरा कधीपासून बंद होता, दुरुस्तीचं पत्र कुठे आहे, हे विचारता येतं.

भरपाईही मिळू शकते. जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना वेळेत हजर केलं नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ५०,००० रुपये द्यायला लावले. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी लागते. बेकायदा अटक आणि कोठडीतल्या गंभीर दुखापतीसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही जाता येतं. दोन्हीकडे अर्जासोबत रोजनाम्याची प्रमाणित प्रत, वैद्यकीय अहवाल आणि पहिल्या दिवशी लिहून ठेवलेल्या वेळा जोडा.